कमी मेमरीचा उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या भिलाईच्या रिसालीत घरोघरी कूलर बाहेर निघतात. जाळ्यांतलं जुनं, कुजकं गवत उपसून नवं भरलं जातं, आणि पहिल्या दिवशी सगळी गल्ली ओल्या गवताच्या वासानं भरून जाते. लोकांना त्या वासानं आजोळ आठवत असेल, कैऱ्या आठवत असतील. मला लिनक्स आठवतं, आणि आठवल्याबरोबर चिडचिड होते.

परवा वस्तीतल्या बुद्धविहारात गेले होते. मागच्या अभ्यासिकेत चार-पाच मुली बसल्या होत्या. कुठल्याशा खात्याची जाहिरात निघाली आहे आणि त्यात टायपिंगची परीक्षा आहे, एवढं कानावर पडलं. एक मुलगी बोलता बोलता टेबलाच्या लाकडावरच बोटं चालवत होती. तिच्या त्या बोटांकडे बघत मी दारातच थांबले. बाहेर लू वाहत होती, तोंडाला भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ लागत होती, आणि मला तो उन्हाळा जसाच्या तसा दिसायला लागला.

त्या वर्षी रंगारी काका एक दिवस टेम्पोत बसून आले. मागे कॉम्प्युटरांचा ढीग होता. काका स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवरून, निवृत्त झालेले. उभं आयुष्य त्या धगीत काढल्यामुळे आमच्या उन्हाळ्याला ते उन्हाळा मानतच नाहीत. भर दुपारी डोक्याला रुमालसुद्धा न बांधता हिंडतात. विहाराची अभ्यासिका त्यांच्याच ताब्यात. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यानं आपलं ऑफिस नवं केलं होतं आणि जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले होते. काकांनी ते मागून आणले.

"मॅडम, भीमजयंतीले उद्घाटन ठेवलं आहे," टेम्पोतून उतरायच्या आधीच ते मला म्हणाले. "कार्ड छापाले देऊन राहिलो. तोपर्यंत होऊन जाते ना?"

"काका, आधी ते चालतात का ते तर बघू द्या."

"चालन कावून नाही? कारखान्यात तर चालत होते!"

मी एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. म्हणजे सहावीच्या पोरांना फाइल कुठे ठेवली ते विसरू नका, एवढं शिकवते. पण आमच्या वस्तीच्या मते कॉम्प्युटर नावाची जी काही वस्तू आहे, तिची मी डॉक्टर. त्यामुळे मला कुणी विचारलं नाही, सरळ सांगितलं.

सीपीयूचे डबे उघडले तर आत लोखंडाची बारीक काळी भुकटी. हथखोजची हवाच आत साठलेली. ब्रशनं झाडली, मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या पितळी कडा खोडरबरानं घासल्या, आणि एकेक डबा चालू केला. चालू झाले, पण कसे? बटन दाबून मी घरी जाऊन चहा करून, पिऊन यावं, तेव्हा कुठे स्क्रीनवर चित्र यायचं. त्यानंतर ते चित्र काही वेळ आपल्याच विचारात असायचं. त्या डब्यांत मेमरीच एवढीशी होती की आतली विंडोज पाय पसरून बसली की बाकी कुणाला उभं राहायलाही जागा उरत नसे.

"एक मेमरीची पट्टी वाढवून टाक ना," नवरा म्हणाला. जेवता जेवता, माझ्याकडे न बघता. मी नमुन्याला एक जुनी पट्टी घेऊन बाजारात गेले. दुकानदारानं पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली, बाजूच्या माणसाला दाखवली आणि म्हणाला, "मैडम, ये तो अब म्यूज़ियम में मिलेगा." दोघं हसले. मी भर उन्हात स्कूटी चालवत परत आले.

प्रतिभा त्याच संध्याकाळी पहिल्यांदा आली. अभ्यासिकेच्या दारात उभी राहून "जय भीम ताई" म्हणाली आणि आत येऊ की नको अशी थांबली. केसांत पॅकिंगच्या खोक्यांचा भुसा अडकलेला. हथखोजला नटबोल्टच्या कारखान्यात पॅकिंगला होती ती. नवरा रेल्वेलाइनवर ठेकेदाराकडे, महिन्यातले अर्धे दिवस बाहेर. लेकाला सासूकडे सोडून ती आली होती.

"ताई, मी सरकारी नोकरीच्या परीक्षेत लेखी पास झाली," ती म्हणाली. "आता हिंदी टायपिंगची आहे, रायपूरले. मे च्या शेवटी. वय संपून राहिलं न माझं, याच्यानंतर फॉर्मच भरता येत नाही. इन्स्टिट्यूट मी घरी येतवर बंद होते. इथं येऊ का?"

"टायपिंग येतं तुला?"

"हाव. लग्नाच्या आधी गोंदियाले शिकली. मशीनवर."

मशीन म्हणजे जुना टाइपरायटर. तिनं कॉम्प्युटरसमोर बसून बोटं टेकवली आणि खोली दणाणली. टाइपरायटरवर शिकलेली माणसं कळ दाबत नाहीत, ठोकतात. पण काय वेग होता! ओळ ठोकून ती थांबली आणि आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत बसलो. अक्षरं अजून यायची होती. मग एकेक आली, रेशनच्या रांगेतून यावीत तशी. मधली काही आलीच नाहीत.

प्रतिभानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "थांब. यात लिनक्स टाकते."

हे वाक्य मी बोलले नसते तर माझा तो उन्हाळा कूलरसमोर गेला असता.

लिनक्स विंडोजच्या जागी टाकता येतं, फुकट असतं, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं, एवढं मला माहीत होतं. ते एकच नसतं, हे नीट माहीत नव्हतं. गाभा एक, पण जगभरातल्या लोकांनी त्याच्याभोवती आपापल्या आवडीनं बाकीचा पसारा रचलेला. अशा प्रत्येक रचनेला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात, आणि त्या शेकड्यांनी आहेत. त्यांतलं हलकं, कमी मेमरी खाणारं निवडायचं. मी मोबाइल घेऊन बसले आणि आठवडाभर वेड्यासारखी वाचत राहिले. जे उघडावं ते स्वतःला हलकंच म्हणवतं! एकानं लिहावं, हेच सगळ्यात हलकं. त्याच्या खाली दुसऱ्यानं लिहावं, त्याला हलकं म्हणणाऱ्यानं आयुष्यात जुना कॉम्प्युटर पाहिलेला नाही. तिसऱ्यानं दोघांची अक्कल काढावी. लोक वर्षानुवर्षं भांडत होते. आणि शेवटी कुणीतरी शहाणा येऊन लिहायचा, "त्यापेक्षा नवीन कॉम्प्युटर घ्या." त्या वाक्यानं माझं रक्त जेवढं आटलं, तेवढं भिलाईच्या उन्हानं आटलं नसेल. मी इथे नावं मुद्दाम सांगत नाही. प्रत्येक नावाचे भक्त आहेत, आणि ती भांडणं पुन्हा अंगावर घ्यायची माझ्यात ताकद नाही.

पहिलं निवडलं त्याचं चिन्ह एक कुत्र्याचं पिल्लू होतं. खरंच एवढंसं होतं ते. पेन ड्राइव्हवर मावायचं, सगळंच्या सगळं मेमरीत चढून बसायचं आणि टुणकन चालू व्हायचं. काका खूश झाले. मग म्हणाले, "पण मॅडम, हे कुत्रं कावून दिसून राहिलं? आपलं अशोकचक्र लावा. निळ्यावर." मी निळ्या रंगावर अशोकचक्राचं चित्र लावलं. मेमरी वाचवायला ते चित्रसुद्धा लहान करून लावलं.

जयंतीच्या दिवशी सकाळी मिरवणूक, दुपारी भोजनदान, संध्याकाळी उद्घाटन. पाहुणे आले, वॉर्डातली मोठी मंडळी आली. सगळ्या स्क्रीनवर निळ्या रंगात अशोकचक्र शोभत होतं. प्रतिभा नवी पांढरी साडी नेसून पहिल्या खुर्चीवर बसली होती, पाहुण्यांना टायपिंग दाखवायला. कुणीतरी पाहुण्यांना उकडतंय म्हणून कूलर लावला. आमच्या वायरिंगला कूलर म्हणजे हत्ती. दिवे मंद झाले, सगळे कॉम्प्युटर एकदम विझले आणि आपोआप पुन्हा सुरू झाले. पिल्लू सगळं मेमरीतच ठेवतं. बंद करताना जपून ठेव म्हणावं लागतं. तसं म्हणायला कुणाला वेळच मिळाला नाही. प्रत्येक स्क्रीनवर अशोकचक्राच्या जागी कुत्रं.

पाहुणे वाकून बघत म्हणाले, "ये कुत्ता किसका है?"

काकांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही. कोक ओव्हनमध्ये त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांनी ती नजर रोज पाहिली असणार.

तेव्हापासून नियम झाला: कूलर किंवा कॉम्प्युटर. दोन्ही एकदम नाही. आम्ही त्या खोलीत घामाच्या धारा पुसत बसायचो आणि कूलर कोपऱ्यात आरामात उभा असायचा.

दुसरं डिस्ट्रिब्यूशन दिसायला देखणं. चित्रांत एक इवलासा पक्षी होता. एक आख्खी रात्र मोबाइलच्या नेटवरून उतरवून घेतलं. पेन ड्राइव्ह लावला, बटन दाबलं, काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ आली. अर्थ असा की, तुमचा प्रोसेसर जुना आहे, आम्ही यावर चालत नाही. बस. हलकं म्हणवणाऱ्यानं दारातूनच परत पाठवलं. नव्या कॉम्प्युटरवर हलकं असण्यात कसला पराक्रम? त्या दिवशी मी मोठ्यानं काहीतरी बोलले असणार, कारण अभ्यासिकेतल्या मुली पुस्तकातून वर बघायला लागल्या.

तिसरं खरोखर हलकं होतं. इतकं की चालू झाल्यावर स्क्रीनवर काहीच नसायचं. राखाडी रंग, बाकी काही नाही.

"हे चालू आहे का बंद?" काकांनी विचारलं.

"चालू आहे."

"मंग काही दिसत कावून नाही?"

"काका, म्हणूनच तर हलकं आहे!"

मेमरीचा आकडा बघून मी हरखले होते. एवढ्याशा जागेत सगळं बसवणारी माणसं मला त्या दिवशी देवासारखी वाटली. प्रतिभा कारखान्यातून आली, पाणी प्यायली, बसली. हिंदी टायपिंगची सोय करायला मी तासभर घाम गाळला होता. तिनं सवयीनं पहिल्यांदा स्वतःचं नाव टाइप केलं, आणि थांबली. 'प्र' फुटून त्याचे दोन तुकडे झाले होते, आणि 'ति'ची वेलांटी 'त'ला सोडून पलीकडच्या 'भ'वर जाऊन बसली होती. त्या बारक्या, गरीब प्रोग्रामाला आपली अक्षरं जोडताच येत नव्हती. एबीसीडी छान यायची. बाराखडीची मात्र मोडतोड.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माझं नाव असं नाही ना जी."

बाहेर दिवस कलला होता, तरी भिंती तापलेल्या होत्या. पोटात सकाळची बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, आणि कांदा, त्यावर फक्त पाणी. शाळेतले पेपर घरी न तपासता पडले होते. मी पेन ड्राइव्ह उपसून टेबलावर आपटला.

"मी नाही करत आता. सांगा तुमच्या कारखान्याला, घेऊन जा हे भंगार. हलकं पाहिजे तर अक्षरं नाहीत, अक्षरं पाहिजेत तर मशीन जुनं. मला काय पगार मिळतो याचा?"

काकांनी पेन ड्राइव्ह उचलून बाजूला ठेवला. प्रतिभाच बोलली, आणि तीही चिडून. इतके दिवस मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"तुमी रोज नवीन आणून राहिल्या, ताई. रोज मी नव्यानं शिकून राहिली, का कुठं दाबाचं, कुठं खोलाचं. याच्यात माझी प्रॅक्टिस कुठं झाली? तुमाले सगळ्यात हलकं पायजे. मले सगळ्यात हलकं नाही पायजे! मी दाबलं का ते उमटलं पायजे, न लाइट गेली तरी उद्या जसंच्या तसं दिसलं पायजे. थोडं भारी असन तर असू द्या."

मला राग आला. तिच्याचसाठी मी एवढं करतेय, हा विचार लगेच आला. घरी जाताना प्लांटच्या बाजूचं आभाळ तांबूस झालेलं होतं, स्लॅग, लोखंडाचा तो वितळलेला मळ, ओतला की होतं तसं. त्या रंगाकडे बघत मी मनातल्या मनात तिला बरीच उत्तरं दिली. घरी पोचेपर्यंत उत्तरं संपली. आपण कमीत कमी किती लागतं ते शोधत होतो. पुरेसं किती ते कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये भरपूर मेमरी आहे. म्हणून मला तो आकडा एखाद्या खेळातल्या गुणासारखा वाटत होता.

रविवारी तिला सुट्टी होती. मी तिला शेजारी बसवलं आणि चौथं सुरू केलं. हे जुन्या, शांत घराण्यातलं होतं. जुन्या प्रोसेसरांना त्यानं अजून घराबाहेर काढलेलं नव्हतं. खाली एक साधी पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, दिसायला अगदीच बावळट. पिल्लापेक्षा जास्त मेमरी खायचं, पण विंडोजच्या मानानं काहीच नाही. मी एक लिहायचा प्रोग्राम टाकायचे, ती त्यात 'प्रतिभा' लिहायची, 'श्रद्धा' लिहायची, 'क्षत्रिय' लिहायची. अक्षर मोडलं की तो काढून दुसरा. काका मधे मधे कैरीचं पन्हं आणून देत होते आणि "झालं का?" विचारत होते. त्या प्रश्नावर बंदी घालावी लागली. दुपार कलता कलता एक साधा प्रोग्राम सापडला, ज्यात तिचं नाव नावासारखं उमटलं. तिनं पूर्ण परिच्छेद ठोकला आणि सेव्ह केला. मग काकांनी मुद्दाम कूलर लावला. सगळं विझलं, पुन्हा चालू झालं. परिच्छेद जागच्या जागी होता.

"आता अशोकचक्र," काका म्हणाले. लावलं.

इथे गोष्ट सुखानं संपायला हवी होती. पण दोनच दिवसांत प्रतिभा तणतणत आली. "ताई, हे बी खराब आहे. अर्धा 'घ' कुठं गेला? 'त्र' जागेवर नाही. सगळं उलटंपालटं करून ठेवलं लिनक्सनं." मी पुन्हा सगळं तपासलं. परीक्षेच्या सूचनांबरोबर कळफलकाचं चित्र आलं होतं, ते शेजारी धरलं. लिनक्स बरोबर होतं. तिच्या गोंदियाच्या मशीनवर काही अक्षरं वेगळ्या जागी होती, आणि तिच्या बोटांना तीच माहीत होती. परीक्षेत आताची जागा चालणार, तिची नाही.

तिनं चित्र पाहिलं, पुन्हा पाहिलं. उठून चपला घातल्या आणि गेली. त्यानंतर ती आलीच नाही. रोज संध्याकाळी आम्ही तिचा कॉम्प्युटर चालू करून ठेवायचो, आणि काका दर थोड्या वेळानं फाटकाशी जाऊन यायचे. मी मनात म्हणत होते, सुटलो. आणि दाराकडे बघत होते.

ती आली तेव्हा लेक कडेवर होता. त्याला काकांच्या मांडीवर दिलं आणि खुर्ची ओढली. "बोटाइले भुलवाचं आहे," म्हणाली. "शिकणं सोपं असते, ताई. भुलणं लय कठीण." मग ती तीच मोजकी अक्षरं पुन्हा पुन्हा ठोकत बसली, ओळींवर ओळी. चुकली की स्वतःच्याच हातावर चापट मारायची. लेक ते बघून खदखदा हसायचा. मे उतरणीला लागेपर्यंत हे चाललं. मला वाटतं त्या महिन्यात त्या खोलीत आम्ही कुणीच कुणाशी धड बोललो नाही. उकाड्यानं सगळ्यांच्या तोंडावर आठ्या, काका पंख्यावर ओरडणार, मी वायरींवर, प्रतिभा आपल्या करंगळीवर. तरी रोज सगळे हजर.

आज अभ्यासिकेत चांगले कॉम्प्युटर आहेत. त्यांतल्या मेमरीत तेव्हाची सगळी खोली मावून उरेल. तरीही परवा एक मुलगी मला म्हणालीच, "मैम, ये बहुत स्लो है."

त्या मेच्या शेवटी परीक्षा झाली. रायपूरहून परतल्यावर प्रतिभा एवढंच म्हणाली, "बरा गेला." पुन्हा कारखान्यात जायला लागली. पहिला पाऊस येऊन गेला, कूलर आत गेले, आणि एका दुपारी काकांनी मोबाइलवर निकाल पाहिला. तिचं नाव होतं. काका स्कूटर काढून जे निघाले ते थेट हथखोजला. फाटकावरच्या चौकीदारानं आत सोडलं नाही. मग काकांनी भिंतीबाहेरून तिच्या नावानं हाका मारल्या. तिला बाहेर पाठवलं तेव्हा ती घाबरलेली, हातात तेलकट हातमोजे.

"काका, का झालं? पोरगा बरा आहे ना?"

"तू पास झाली, बाई!"

तिनं म्हणे ते हातमोजे पुन्हा चढवले. मग म्हणाली, "बरं. गाडी लोड होऊन राहिली, जातो मी." आणि आत निघून गेली.

"एवढ्या उन्हातान्हात गेलो, न हिनं पाणी बी नाही विचारलं," काका अभ्यासिकेत येऊन माझ्यापाशी कुरकुरत होते. डोळे मात्र पुन्हा पुन्हा पुसत होते. पाऊस पडून गेल्यावरची ती घाणेरड्या उकाड्याची संध्याकाळ होती. आम्ही दोघं काही न करता बसून होतो.

पाळी संपवून ती आली. केसांत भुसा, पदराला तेलाचा डाग. "जय भीम" म्हणाली, आपल्या खुर्चीवर बसली. कॉम्प्युटर चालूच होता. आता काहीतरी टाइप करील असं मला वाटलं. तिनं दोन्ही हात बाजूला ठेवले आणि कपाळ कीबोर्डवर टेकवलं. पाठ हलायला लागली. आवाज अजिबात नव्हता. कपाळाखाली कुठली तरी एक कळ दाबली गेली होती, आणि स्क्रीनवर एकच अक्षर उमटत चाललं होतं. एक ओळ भरली, दुसरी भरली, पान भरून वर सरकलं, तरी ते धावतच होतं.

काका स्क्रीनकडे बघून गडबडले आणि कीबोर्ड सोडवायला पुढे झाले. मी त्यांचा हात धरला.